जांघेतल्या सगळ्या गाठी काढाव्याच लागतात का?

वर विचारलंय, की योनिमुखाच्या कॅन्सरमध्ये जांघेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजेच या गाठी) सरसकट काढतात का. आता तसं राहिलेलं नाही. योनिमुखावरची कॅन्सरची गाठ एकच, 4 सेंमीपेक्षा लहान आणि जांघेत काही संशयास्पद दिसत नसेल, तर सेंटिनल म्हणजे पहाऱ्यावरची पहिली ग्रंथी, कॅन्सर पसरला तर आधी जिथं पोचतो ती, काढून तपासतात. 2008 च्या ग्रॉइन्स-व्ही अभ्यासानंतर हे रुळलं. 2021 मध्ये त्याचा दुसरा भाग आला: त्या ग्रंथीतला कॅन्सर 2 मिमीपर्यंतच असेल तर मोठं ऑपरेशन टाळून जांघेला रेडिएशन पुरतं. त्याहून मोठा असेल तर मात्र ग्रंथी काढाव्याच लागतात.

फरक माझ्या आत्तीच्या पायात दिसतो. तिचं ऑपरेशन जुन्या पद्धतीनं, सगळ्या ग्रंथी काढून झालं. संध्याकाळी पाय असा सुजतो की चप्पल निघत नाही, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. अंबाबाईला जायचं तर मंगळवार पेठेतनं रिक्षाच.

आणि कॅन्सर कळायच्या आधीची खाज? ती तिनं दोन वर्षं ‘पाळी गेल्यावर होतंयच’ म्हणत खोबरेल लावून काढली. कातडी पांढरट, पातळ झालेली, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस, तिथल्या कातडीचा जुनाट आजार, ज्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. दवाखान्यात मलमं बदलली, बघितलं कुणीच नाही. तिनंही दाखवलं नाही म्हणा, लाजेनं. बायोप्सी तर तेवढ्या जागेपुरतीच भूल देऊन छोटा तुकडा काढायची असते.