मदत हवी आहे: क्रोम प्लेटिंगचं पाणी, शेजारची बोअर आणि 'नॅनो लोह'

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचा हार्ड क्रोम प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. बाबांनी सुरू केला, गेली सहा वर्षं मी बघते. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, पंपाचे शाफ्ट अशी कामं असतात. नऊ माणसं कामाला आहेत. मी बीकॉम, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एक विक्रेता आला होता. बाथमधून (प्लेटिंगच्या क्रोमिक ॲसिडच्या द्रावणातून) रॉड काढून धुतला की जे पिवळं पाणी उरतं, त्यातला हेक्झा (सहा संयुजेचं क्रोमियम) आम्ही नेहमीच्या पद्धतीने मारतो: आधी ॲसिड, मग मेटा (सोडियम मेटाबायसल्फाइट), पाणी हिरवं झालं की चुना, शेवटी खाली बसलेला गाळ. गाळ वाळवून रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जातो. विक्रेत्याचं म्हणणं, हे सगळं बंद करा. ॲसिड नको, मेटा नको, त्यांची 'नॅनो लोहाची' पावडर टाकीत टाकून ढवळायची, हेक्झा शून्य, गाळ निम्मा. बरोबर एका प्रयोगशाळेचा छापील रिपोर्ट होता. भाव आमच्या मेटाच्या कित्येक पट.

मी थोडं वाचलं. लोखंडाचे कण शंभर नॅनोमीटरपेक्षा बारीक केले की त्यांचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, ते हेक्झाला इलेक्ट्रॉन देतात, आणि विषारी, विरघळणारा हेक्झा तीन संयुजेचा होऊन गंजाबरोबर खाली बसतो. इथवर कळलं. पण ते कण पुढे जातात कुठे? इतक्या बारीक गोष्टी गाळणीतून निसटून नाल्यात गेल्या तर तिथल्या जिवांना काही होतं का? एक प्रदूषण थांबवताना दुसरं सोडायचं नाही मला.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती लपवून उत्तरं मागण्यात अर्थ नाही. ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) बांधण्याआधी शेडच्या मागे एक शोषखड्डा होता. धुण्याचं पाणी त्यात जायचं. तेव्हा आजूबाजूला सगळे तसंच करायचे, पण खड्डा आमचा होता. बुजवून बरीच वर्षं झाली. मागच्या कुंपणापलीकडे एक रोपवाटिका आहे, तिथे दोन कुटुंबं राहतात, त्यांची बोअर आहे. या उन्हाळ्यात तिथल्या काकू म्हणाल्या, "ताई, पांढऱ्या बादलीत पाणी जरा पिवळट दिसतं." मी गपचूप एक बाटली भरून तपासायला दिली. हेक्झा २.६ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ आहे. त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून विचारते. टाकीसाठी ही पावडर घ्यावी का? आणि तीच पावडर त्या जुन्या खड्ड्यात किंवा बोअरमध्ये ओतून जमिनीतला हेक्झा मारता येईल का? विक्रेता म्हणाला, "आरामात." मला त्या 'आरामात'ची भीती वाटते.

प्लेटर_चिंचवड:
ताई, टाकीचं मी सांगतो, तीस वर्षं हेच करतोय. अजिबात घेऊ नका. हातात असलेल्या पाण्याला मेटा पुरतो. एक किलो हेक्झाला हिशेबाने पावणेतीन किलो मेटा लागतो, प्रत्यक्षात तीन-सव्वातीन धरा. पीएच दोन ते अडीचच्या मध्ये ठेवा आणि ओआरपी मीटर (हेक्झा पूर्ण मेला का ते दाखवणारा) लावा. मीटर नसेल तर माणूस रंगावर जातो आणि रंग फसवतो. मग चुन्याने साडेआठपर्यंत आणा. नाल्याची मर्यादा हेक्झासाठी ०.१ आहे, ती नीट चालवलेल्या साध्या ईटीपीत मिळते.

गाळ निम्मा होतो हेही तपासून घ्या. लोह टाकलं की लोहाचाही गाळ पडणारच. पैसे घालायचेच असतील तर बाथवर निथळायला ट्रे लावा आणि तीन टाक्यांचं उलट्या प्रवाहाचं रिन्स (धुणं) करा. मुळात पाण्यात क्रोमिक कमी गेलं तर मारायचंही कमी.

सूक्ष्मकण:
मी पदार्थविज्ञानात संशोधन करते, नॅनो लोहावर काम केलं आहे. वरच्या मताशी पूर्ण सहमत, पण पावडरीबद्दल एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. खरं ताजं, कोरडं नॅनो लोह हवेत उघडलं तर पेट घेऊ शकतं. म्हणून ते बहुधा पाण्यातल्या घट्ट मिश्रणात नायट्रोजनखाली येतं, नाहीतर कणांवर ऑक्साइडचं कवच चढवून. विक्रेत्याने तुमच्यासमोर ड्रम उघडून हाताने पावडर दाखवली असेल तर ती कवच चढवलेली आहे किंवा नॅनो नाहीच. सुरक्षिततेचं माहितीपत्रक, कणांच्या आकाराचा आलेख आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र मागा. छापील रिपोर्टमधलं पाणी तुमचं नव्हतं, हेही लक्षात ठेवा.

कण कुठे जातात, हा प्रश्न अगदी योग्य आहे. लोहाच्या बाबतीत उत्तर बरंचसं दिलासा देणारं आहे: ते एकमेकांना चिकटतात, गंजतात आणि शेवटी साधा लोह ऑक्साइड होतो, जो आपल्या तांबड्या मातीत भरपूर आहे. पण ताजे असताना, विशेषतः ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात, ते जिवाणू मारतात. ईटीपीनंतर तुमचं पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जात असेल तर तिथलं काम जिवाणूंवरच चालतं. चांदीच्या नॅनोकणांचा धोका याहून मोठा, कारण चांदी जिवाणूंना मारण्यासाठीच वापरतात. 'नॅनो' हा एक पदार्थ नाही, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००४ सालच्या अहवालात म्हटलं होतं की फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे हे सिद्ध होईपर्यंत प्रदूषण निवारणासाठी मोकळे नॅनोकण निसर्गात सोडू नयेत. मला ती सावधगिरी आजही पटते.

आणि जिथे नॅनो खरंच उपयोगी पडलं तिथे ते बांधून ठेवलं आहे. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने आर्सेनिक काढायला लोहाचाच नॅनो पदार्थ वापरला, पण तो गाळणीत घट्ट बसवलेला. पाणी त्यातून जातं, तो पदार्थ जागेवर राहतो.

काळा_पत्थर:
भूजलाचं काम करतो. ताई, जमिनीतल्या प्रदूषणासाठीच नॅनो लोह नावारूपाला आलं, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त बरोबर आहे. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या वैशियान झांग यांच्या गटाने न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये भूजलात ते सोडून पाहिलं, निष्कर्ष २००१ मध्ये छापले. चेक प्रजासत्ताकात क्रोमियमने बिघडलेल्या भूजलावरही ते वापरलं गेलं आहे.

पण त्या जागा अभ्यासून, निरीक्षण विहिरी खणून केलेल्या होत्या. साधे नॅनो लोहाचे कण वाळूतसुद्धा मीटर-दोन मीटर जाऊन अडकतात. आपल्याकडे खाली दख्खनचा बेसाल्ट. वर मुरूम, खाली भेगा. ओतलेलं मिश्रण मुरुमातच बसेल किंवा एखाद्या भेगेतून तिसऱ्याच्याच बोअरला निघेल. शिवाय मातीत मँगनीजचे ऑक्साइड असतील तर तीन संयुजेचं क्रोमियम पुन्हा हेक्झा होऊ शकतं. बोअरमध्ये स्वतः काहीही ओतू नका.

स्वस्त पर्यायही आहेत. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावात भूजलात इथेनॉल सोडून जिवाणूंकडून हेक्झा कमी करवला. याच तत्त्वावर इतरत्र साखर कारखान्याची मळी वापरतात. तुमच्या जागी काय चालेल ते खडक पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये.

मात्र हे सगळं नंतर. ते लोक आज पाणी पीत आहेत का?

मूळ लेखिका:
पीत होते. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून तशीच उठले आणि काकूंकडे गेले. रिपोर्ट दाखवला, खड्डा आमचा होता हेही सांगितलं. काका काहीच बोलले नाहीत, ते जास्त जड गेलं. कालपासून टँकर आमच्या खर्चाने सुरू केला. उकळून चालेल का, असं त्यांनी विचारलं, म्हणून इथे इतरांसाठीही लिहिते: उकळल्याने क्रोमियम जात नाही, पाणी आटून उलट वाढतं.

बाबांशी बोलले. ते म्हणाले, "प्रदूषण मंडळाला कळवलं तर कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, अडकेल." मी म्हटलं, अडकू दे. पत्र तयार आहे, सोमवारी देणार. पावडर घेत नाही, ट्रे आणि ओआरपी मीटरची चौकशी सुरू केली.

काळा_पत्थर, अजून एक विचारते. उतार ओढ्याच्या बाजूला आहे आणि वाटेत आणखी तीन बोअर आहेत. त्यांचे नमुने पावसाआधी घेऊ की नंतरही घ्यावे लागतील? आणि बाटलीत ॲसिड घालायचं की नाही, प्रयोगशाळेतले दोघं दोन गोष्टी सांगतात.

काळा_पत्थर:
दोन्ही वेळा घ्या, पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येऊन खड्ड्याखालचा मुरूम पुन्हा धुतला जातो. हेक्झाच्या बाटलीत ॲसिड घालू नका, त्याने हेक्झाचं रूप बदलून आकडा खोटा कमी येऊ शकतो. एकूण क्रोमियमसाठी दुसरी बाटली, तिच्यात नायट्रिक ॲसिड. हेक्झाची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. प्रत्येक बोअर आधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मगच भरा. खड्ड्याची जागा, चारही बोअर आणि ओढा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा इथे टाका, अंतरं पावलांनी मोजली तरी चालतील.