खुनाचा पुरावा नष्ट करणाऱ्या पत्नीला किती शिक्षा व्हावी?

प्रश्न :
आमच्या भावकीतील एकाला २०२२ मधील खुनाबद्दल नुकतीच जन्मठेप झाली. त्या रात्री त्याच्या पत्नीने रक्ताने माखलेला सदरा चुलीत जाळला आणि पहाटे ओटा सारवून काढला. पोलिसांना राखेत सदऱ्याची दोन बटणे सापडली. तिला तीन वर्षे सक्तमजुरी झाली आहे. खुनात तिचा हात नव्हता, हे न्यायालयालाही मान्य आहे. मग नवऱ्याला वाचवू पाहणाऱ्या बाईला एवढी शिक्षा कायद्यात बसते का?

प्रतिसाद :
बसते. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने भारतीय दंड संहितेचे कलम २०१ लागू होते. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये आहे. मूळ गुन्ह्याला फाशीची तरतूद असेल, तर पुरावा नष्ट करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, मग मुख्य आरोपीला प्रत्यक्षात फाशी झालेली असो वा नसो. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या कलम २१२ मधून पती-पत्नीला सूट आहे, कलम २०१ मधून नाही. म्हणजे तिने नवऱ्याला माळ्यावर लपवले असते, तर त्या कलमाखाली ती सुटली असती. सदरा जाळला म्हणून मात्र ती दोषी ठरते. हा फरक मला आजही पटत नाही.

प्रतिसाद :
शिक्षेआधी दोषसिद्धी तपासावी, असे मला वाटते. पलविंदर कौर खटल्यात पतीचा मृतदेह ट्रंकेत घालून विहिरीत टाकलेला होता, तरीही मुळात गुन्हा घडल्याचेच सिद्ध झाले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये कलम २०१ खालील शिक्षा रद्द केली. येथे खून सिद्ध आहे; परंतु सदरा जाळताना तिला तो ठाऊक होता का, हे पाहावे लागेल. ओटा सारवणे हे गावाकडे रोजचेच काम आहे. धडका सदरा चुलीत घालणे रोजचे नाही.

प्रतिसाद :
मी मृताच्या बाजूने लिहीत आहे, कारण आमच्या घरातला माणूस असाच गेला. मृतदेह कोठे टाकला हे ठाऊक असलेला एक जण आमच्याच ओसरीवर बसून चहा पीत होता आणि आम्ही अकरा दिवस विहिरी धुंडाळत होतो. भीतीपोटी एका रात्रीत केलेले कृत्य आणि असे थंड डोक्याने बाळगलेले मौन यांना एकाच मापाने मोजू नये, हे मलाही मान्य आहे. पण दोन्हींत कोणीतरी वाट पाहत ताटकळलेले असते.

प्रश्नकर्ता :
आपल्या दुःखाची मला कल्पना नव्हती, क्षमस्व. तिला दोन लहान मुले आहेत. अपिलात काय मागता येईल?

प्रतिसाद :
सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावे. शिक्षा तीन वर्षांहून अधिक नाही, त्यामुळे ती जामिनावर असल्यास अपील दाखल करण्यापुरती स्थगिती सत्र न्यायालयच देते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम ४, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका, देखील मागता येते, कारण या गुन्ह्याला जन्मठेप नाही; मात्र मूळ गुन्हा खुनाचा असल्याने न्यायालय ते सहजासहजी देत नाही. कच्च्या कैदेतील दिवस शिक्षेतून वजा होतातच. मुलांची वये दाखले जोडूनच मांडा.