पौर्णिमेपेक्षा अष्टमी बरी

पौर्णिमेच्या फोटोत विवरं सपाट का येतात, असं परभणीच्या दादांनी विचारलंय. त्या रात्री चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेजवळ टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाकेल ही विवरं ओळीनं उठून दिसतात. एकेक फोटो काढण्यापेक्षा मिनिटभर व्हिडिओ घ्या. ऑटोस्टॅकर्ट हे संगणकावरचं सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकत्र करतं.

आणि हो, एप्रिल-मेमध्ये दुर्बीण गच्चीवर मांडूच नका. आपल्याकडं दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो, चंद्र नुसता थरथरतो. अंगणात मातीवर मांडा, शेत असेल तर सोन्याहून पिवळं.

जालन्याच्या शिवेपलीकडचं लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं, चंद्रावर तेवढं विवर सहा इंची दुर्बिणीत जेमतेम ठिपका. चंद्रावरचं कोपर्निकस विवर ९३ किलोमीटरचं, पण त्यासाठी दशमीपर्यंत थांबा.