मदत हवी आहे: बाबांसाठी मांडी घालता येईल अन् पाठीलाही टेकू मिळेल अशी खुर्ची, मापं काय ठेवू?

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातून लिहून राहिलो, घाटंजीच्या बाजूचं खेडं आहे आमचं. बाबांसाठी खुर्ची करायची आहे, विकतची नाही, गावातले वाढई (सुतार) काका करून देतो म्हणतात पण मापं तू दे म्हणतात, अन् मापंच मला ठरवता येऊन नाही राहिली. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा प्लीज.

बाबा ६४ चे. सगळी हयात कपाशीत गेली, पाठीवर १६ लिटरचा फवारणीचा पंप, वेचणीच्या दिवसात कापसाची गाठोडी. मागच्या दिवाळीनंतर कमरेतून डाव्या पायात कळ जायला लागली, एमआरआय काढला तर एल ४-एल ५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली निघाली. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले डॉक्टर, व्यायाम दिले, अन् तीन गोष्टी सांगितल्या: वाकून वजन उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, एका जागी अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. पहिली अन् तिसरी ते पाळतात. दुसरीनं मात्र माणूस पार उदास झाला, कारण जेवण मांडी घालून, पेपर मांडी घालून, तुरीच्या शेंगा सोलणं मांडी घालून, असाच जन्म गेला त्यांचा.

तालुक्याच्या गावातून ४,८०० ची ऑफिसवाली खुर्ची आणून दिली होती मी. ती लयच उंच, एकदम खाली केली तरी टाचा टेकत नव्हत्या, वरचा भाग डोकं पुढं ढकलायचा, अन् मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की रेक्झिनला पाठ चिकटायची. चार महिन्यात फोम बसला. आता ती कोपऱ्यात कपडे टाकायच्या कामाची आहे अन् बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. कसे बसतात ते सांगतो. आधी दोन्ही पाय खाली सोडतात, पाच मिनिटात उजवा पाय वर घेऊन मांडीखाली घालतात, मग डावाही वर घ्यायचा प्रयत्न करतात पण हाताच्या दांड्या गुडघ्याला आडव्या येतात, तर डावा गुडघा दांडीवर टाकतात, खुर्ची एका अंगाला कलते अन् पूर्ण कंबर वाकडी. मी म्हटलं बाबा नीट बसा ना, तर म्हणाले, "पाय लोंबले का मले बसल्यासारखंच नाही वाटत रे."

जुन्या कवेलूच्या घरात बंगई, म्हणजे झोपाळा, होती आमची. सागवानाची रुंद फळी, मयालीला (छताच्या जाड आडव्या लाकडाला) साखळ्या, बाबा दुपारी तिच्यावर मांडी घालून बसायचे, मागं उशी, एक पाय अधूनमधून खाली सोडून जमिनीला रेटा द्यायचा. तिथं ते तासभर बसले तरी अवघडले नाहीत कधी, अन् मला आता वाटून राहिलं की त्याचं कारण ते सारखे हलत होते, मांडी, एक पाय खाली, दोन्ही खाली, मागं रेलणं, हे सगळं चालू असायचं. आता घरकुल आहे, २६९ चौरस फूट, स्लॅब टाकताना कडी ठेवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही अन् ठेवली असती तरी बंगई हलायला जागा कुठं आहे. ती मयाल मात्र परसात ताडपत्रीखाली ठेवली आहे. तिच्यातूनच खुर्ची करायची असं मी ठरवलं आहे.

मापं घेतली ती अशी. उंची ५ फूट ३ इंच. अनवाणी, गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत साडेपंधरा इंच. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागपर्यंत १८ इंच. बसल्यावर कोपर बसकीपासून ८ इंच वर. मांडी घातली की गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत २७ इंच अन् पाठीपासून पुढच्या पायापर्यंत जवळपास २१.

माझा घोळ इथं आहे. पाय खाली सोडून पाठ टेकायची तर बसक १६ इंच खोल पाहिजे, म्हणजे गुडघ्यामागं दोन-तीन बोटं मोकळी राहतात. मांडी घालायची तर २१ पाहिजे. २१ केली अन् पाय सोडून बसले तर एक तर पाठ टेकत नाही नाहीतर घसरून बसतात अन् पोक येते. मी विचार केला की २१ खोल करून कमरेला ५ इंचाचा लोड बांधून द्यायचा, घरच्याच कापसाचा, पिंजाऱ्याकडून भरून. जमेल का? बसक नवारीची करू की फळीची? हात ठेवू की नको, कारण उठताना त्यांना हाताला रेटा लागतो? अन् खाली रॉकिंग चेअरसारखे वाकवलेले पाय दिले तर बंगईसारखं होईल का? केनेडींना पाठदुखीसाठी १९५५ मध्ये त्यांच्या डॉक्टरनं रॉकिंग चेअर सांगितली होती असं वाचलं तेव्हापासून डोक्यात आहे.

प्रतिसाद: झाडीपट्टीकर

दादा, आमच्या घरी तीन पिढ्या रंध्याचं काम आहे म्हणून बोलतो. पहिलं म्हणजे लाकूड बदलू नका. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाचं नाव पार नव्या संसद भवनापर्यंत गेलं आहे, पण नव्या ओल्या सागापेक्षा तुमची जुनी मयाल खुर्चीला चांगली, इतकी वर्षं वाळलेली आहे, आता फिरायची नाही. फक्त चिरायच्या आधी एकूण एक खिळा काढा, नाहीतर करवतीचं पातं गेलंच समजा.

हात ठेवा, उठायला पाहिजेतच. पण पुढचा खांब पुढच्या पायाच्या रेषेत नका घेऊ, गुडघा त्यालाच अडते. खांब कोपऱ्यापासून ६ इंच मागं घ्या, बाजूच्या पट्टीला खाच करून नटबोल्टनं आवळा, अन् वरची दांडी खांबाच्या पुढं काढा म्हणजे उठताना मूठ आवळता येते. दांडी बसकीपासून ८ इंच वर ठेवली तर मांडीतला गुडघा तिच्या खालून बाहेर निघते, अन् मग रुंदी २७ करायची गरज नाही, २४ मध्ये काम होते.

नवार दाट विणा अन् ओली करून ताणा. बाजेवर मधी खड्डा पडते पाहा, तसा खड्डा बसकीला पडला की कंबर मागं लोळते. बसकीखाली दोन आडव्या पट्ट्या द्या, नवार तेवढी खाली गेली की तिथंच थांबते. पाठीला मात्र पट्ट्या नको, तिथं थोडी सैल नवार बरी, खांदे हलते अन् उन्हाळ्यात हवा लागते.

रॉकर मी करून दिले आहेत, त्रिज्या ४० ते ४५ इंच धरतो. पण तुमच्या बाबांचा एक पाय दुखरा आहे, उठताना खुर्ची पुढं सरकली म्हणजे? मी तरी चार पाय जमिनीवरच ठेवीन.

प्रतिसाद: वर्धेची फिजिओ

दादा, लोडाची आयडिया चांगली आहे पण नुसता कमरेला ५ इंच बांधू नका. ढुंगण त्याच्या खालून मागं सरकेल अन् कंबर गरजेपेक्षा जास्त पुढं ढकलली जाईल, ते दहा मिनिटात काढून फेकतील. पूर्ण पाठीची गादी करा, वर खांद्याकडे साडेतीन इंच, बसकीपासून ६ ते ९ इंचाच्या पट्ट्यात ५, तळाशी परत साडेतीन. वरच्या आडव्या पट्टीला नाड्यांनी टांगा. पाय सोडून बसायचं तर गादी पुढं, मांडी घालायची तर उचलून पाठीमागं टाकायची.

पाठ ताठ ९० ला नको, १०० ते ११० अंश मागं झुकलेली ठेवा. स्वीडनच्या नाकेमसन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात थेट मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा बिनटेकूचं बसणं उभं राहण्यापेक्षा जड पडतं असं दिसलं. १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा मोजलं तर साधं बसणं अन् उभं राहणं यात तेवढा फरक नाही निघाला, पण पुढं वाकून बसणं सगळ्यात जड अन् मागं रेलणं हलकं, हे दोन्ही वेळा सारखंच. म्हणून शेंगा सोलायच्या तर टोपलं पायाशी नका ठेवू, स्टुलावर मांडीच्या उंचीला ठेवा.

मांडीबद्दल तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, कळ पायात उतरत असेल त्या दिवशी नकोच. घालायचीच तर ढुंगणाखाली दोन-तीन इंचाची घट्ट घडी ठेवा, गुडघे खाली अन् कंबर वर राहिली की पाठीचा बाक टिकतो. अन् कोणतीही खुर्ची असो, अर्ध्या तासानं उठून अंगणात एक चक्कर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं तर वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

अन् लाकूड कापायच्या आधी विटा-फळीवर बसवून पाहा ना त्यांना.

धागाकर्ता

ताई, झाडीपट्टीकर भाऊ, मनापासून आभार. विटा-फळीचं काल संध्याकाळी करून पाहिलं. छपरीत भिंतीला लागून विटा रचल्या, वर बंगईचीच फळी टाकली, मागं धान्याचं पोतं तिरपं लावलं, त्यावर सोलापुरी चादरीच्या घड्या. १६ इंचावर बसायला बरं वाटलं त्यांना पण उठताना दोनदा कंबर धरली. एक इंच वाढवून १७ केलं तर हाताला रेटा देऊन सरळ उठले. मग टाचा थोड्या अधांतरी व्हायला लागल्या, तर खाली दीड इंचाचा पाट ठेवला, उठायच्या आधी तो पायानं बाजूला करतात. म्हणजे बसक पुढून १७ अन् मागून १६ धरतो. रॉकर रद्द.

मांडीखाली घोंगडीची घडी दिली होती. वीसेक मिनिटं बसले, पेपर वाचला, मग उजवा पाय खाली सोडला, मग परत वर घेतला, मधात एकदा मागं रेलून डोळे मिटले. पायात कळ नाही आली. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, "फळी ओळखीची आहे."

डॉक्टरांकडे सोमवारी जाणार आहे तेव्हा मांडीचं विचारतो. पाठीची गादी भरताना कापूस किती किलो लागेल हे कोणाला माहीत असेल तर सांगजा, अन् वर्षभरात दबला की परत पिंजावा लागते का तेही. वाढई काका उद्या मयाल न्यायला येऊन राहिले, आज रात्री तिच्यातले खिळे काढून ठेवतो. सात निघाले आतापर्यंत, अन् साखळीची एक कडी.