गाडीतल्या टेपला ३२ हजार कशाचे? सल्ला हवाय

रानवाटा:
नमस्कार मंडळी. आमची पोलो २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. गाडी ठणठणीत आहे, पण आधीच्या मालकाने बसवलेला टेप आचके देतोय. (टेप म्हणायची सवय अजून जात नाही.) पेनड्राइव्ह लावला की 'रीडिंग' दाखवून ठप्प होतो आणि ताम्हिणीतल्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली की गायला लागतो.

एका दुकानात नव्याचे ३२ हजार सांगितले. सात इंची स्क्रीन, मागचा कॅमेरा धरून. गेल्याच महिन्यात लेकीला १४ हजारांचा मोबाइल घेतला. त्याचा स्क्रीन याहून लख्ख, शिवाय बॅटरी, कॅमेरे, सगळं आत. मग या डब्यात असं काय सोनं भरलंय? ऑनलाइन सात हजारांत 'नऊ इंची, अँड्रॉइड १३, आठ कोअर' असाही दिसतोय. बजेट २० हजार. पुणे-चिपळूण महिन्यातून दोनदा. गाणी, नकाशा आणि बाबांसाठी रेडिओ, बास.

पाचवा_गिअर:
तो सात हजारवाला घेऊ नका. मी तसलाच घेऊन बसलोय. सेटिंगमध्ये 'अँड्रॉइड १३' लिहिलेलं होतं; फोनची कुंडली दाखवणारं ॲप टाकलं तर आत १० निघालं. चार जीबी रॅमची दोन झाली. चावी फिरवली की चाळीस सेकंद नुसता लोगो. मी रिव्हर्स घेऊन पहिल्या गिअरमध्ये आलो की मग मागचं चित्र उमटायचं.

मिशिगनकर:
याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

जगात वर्षाला शंभर कोटींहून जास्त स्मार्टफोन विकले जातात. गाड्या दहा कोटींच्या आतच, आणि त्याही शेकडो मॉडेलांत विभागलेल्या. एकेका टेपच्या डिझाइनचा खर्च वाटून घ्यायला गिऱ्हाइकं कितीशी उरतात?

दुसरं, ऊन. आयफोन शून्य ते ३५ अंशांत वापरा असं ॲपल स्वतःच सांगतं. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड आठवा. तिथल्या चिप साधारण उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत तपासलेल्या लागतात, वर थरथर आणि स्टार्टर मारताना खाली पडणारे व्होल्ट. त्यामुळे अशा चिप महागही आणि जुन्याही. गाडी शोरूममध्ये येण्याच्या तीन-चार वर्षं आधी चिप ठरते, म्हणजे तुमची नवी गाडी जुना मोबाइल पोटात घेऊनच येते.

एवढं करून टिकतं का? २०२१ मध्ये टेस्लाने सुमारे १ लाख ३५ हजार मॉडेल एस आणि एक्स गाड्या परत बोलावल्या. आठ जीबीची मेमरी लिहून लिहून झिजत होती, आणि ती गेली की रिव्हर्स कॅमेराही जायचा. २०२२ मध्ये इकडे अमेरिकेत थ्रीजी बंद झालं तेव्हा कित्येक चांगल्या गाड्यांच्या 'कनेक्टेड' सोयी एका रात्रीत मुक्या झाल्या.

पण खरी गोम वेगळीच आहे. पूर्वी टेपचं भोक जगभर एकाच मापाचं असायचं, १८० बाय ५० मिलिमीटर, किंवा त्याच्या दुप्पट उंचीचं. कुठलाही काढा, कुठलाही घाला. आता एसीची बटणंही स्क्रीनमध्ये गेली, म्हणजे कंपनीला स्पर्धकच उरला नाही. टेप आवडला नाही म्हणून गाडी कोण नाकारतंय? २०१४ मध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा, गाणी टेपच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी) जाहीर झाले, तेव्हाच मी म्हटलं, डोकं फोनमध्येच राहू द्या. टेपने फक्त काच आणि आवाज पुरवावा.

सारथी_ताई:
इतकं कशाला? पाचशेचा होल्डर, एक ऑक्सची वायर, संपलं.

पाचवा_गिअर:
ताई, उन्हात नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू ठेवून बघा. खोपोलीला माझा फोन तापून बंद पडला, आणि फाटा गेला मागे.

चार_ओहम:
रानवाटा, सरळ सांगतो. वायरने कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो चालवणारा, नावाजलेल्या कंपनीचा साधा डबल डिन, म्हणजे दुप्पट उंचीच्या भोकात बसणारा टेप घ्या. १३-१४ हजारांत बसेल. वायरलेसच्या नादी लागू नका. स्क्रीन बोटाने हलकेच सरकतोय ना ते दुकानात बघून घ्या. काही स्वस्त स्क्रीन दाबावे लागतात.

खोक्यावरच्या '४ × ५० वॅट'ला भुलू नका. गाडी देते १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. गणित केलंत तर स्वच्छ आवाज फार तर २६ वॅट निघतो. ५० हा आकडा आवाज पार फाटेपर्यंत ताणला की येतो.

उरलेले पैसे पुढच्या दोन दारांत घाला: बरे स्पीकर, आणि पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारा थर. मागच्या स्पीकरला हात लावू नका, मागे बसून कोण ऐकतंय?

आणि महत्त्वाचं: वायरी कापू देऊ नका, कपलरच (न कापता जोडायचा तयार जोड) मागा. पोलोला कॅनबस अडॅप्टर (गाडीचे इशारे टेपला कळवणारा तुकडा) लागेल, नाहीतर चावी काढल्यावरही टेप जागा राहून बॅटरी खातो. अँटेनाचा अडॅप्टरही वेगळा येतो.

रानवाटा:
(दोन आठवड्यांनी) बसवला! टेप साडेतेरा, स्पीकर चार हजार दोनशे, डॅम्पिंग, अडॅप्टर आणि मजुरी मिळून दोन हजार. कॅमेरा पुढच्या दिवाळीला. दार आता 'धप्प' लागतं, पूर्वी पत्र्याचा डबा वाजायचा. एकच तक्रार, रेडिओवर नुसती खरखर. बाबा तोंड फिरवून बसलेत.

चार_ओहम:
अँटेनाच्या अडॅप्टरमधून एक निळी तार निघते, ती टेपच्या निळ्या तारेला जोडलीय का? त्या अँटेनाला वीज लागते.

रानवाटा:
फिटरला फोन केला. म्हणाला, "ती निळी होय, ती जास्तीची उरली होती, चिकटपट्टी लावून मागे सारलीय."