मदत हवी आहे: वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी स्लीव्ह की बायपास?

वहिनीचं वजन ११८ किलो, बीएमआय ४६. शुगर आहे, शिवाय जुनी ॲसिडिटी. सर्जननी दोन्ही पर्याय सांगितलेत. स्लीव्हमध्ये जठराचा ७५-८० टक्के भाग कायमचा काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. पण त्याने ॲसिडिटी वाढू शकते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात; त्याने ॲसिडिटी सहसा कमी होते, शुगरही चांगली उतरते, मात्र बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. (गोळ्या स्लीव्हनंतरही सुटत नाहीतच.) माझा कल बायपासकडे, आई मात्र आतड्याचं ऐकूनच हादरलीय.

घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ऑपरेशनआधी लिव्हर आकसावं म्हणून दोन आठवडे लिक्विड डाएट आणि नंतर रोज ६० ग्रॅम प्रोटीन, हे कसं जमवलंत? ताक, मुगाचं कढण किती पुरणार!

बायपासला दोन-तीन वर्षं झालेल्यांनी प्लीज लिहा. काढे सुचवू नका.