पौगंडावस्था, किशोरवय, वयात येणं: कुठला शब्द कशासाठी?

रेघोटी

आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी आरोग्याची छोटी पुस्तिका मराठीत करायचं काम अंगावर घेतलंय. मजकूर अवघड नाही, पण पहिल्याच पानावर गाडं अडलंय. या वयाला म्हणायचं काय? सरकारी योजनांत ‘किशोरवयीन’ असतं, शास्त्राच्या पुस्तकात ‘पौगंडावस्था’, घरात ‘वयात येणं’. तिन्ही एकच आहेत असं धरून लोक बिनधास्त लिहितात. मला ते पटत नाही. शरीर बदलायला लागतं ती दोन-चार वर्षं वेगळी, आणि पोराचा माणूस होईपर्यंतची दहाएक वर्षं वेगळी. पहिलीला प्युबर्टी, दुसरीला अ‍ॅडोलसन्स म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मराठीत मात्र दोन्हींवर पौगंडावस्थेचा एकच शिक्का.

शिवाय हा शब्द वर्गात मोठ्याने वाचला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. तर पौगंड म्हणजे मुळात काय? आणि मुलांच्या तोंडात बसेल असं दुसरं काही आहे का?

बोरूबहाद्दर

गंमत अशी की संस्कृतातला पौगंड आपल्या पौगंडापेक्षा बराच लहान आहे. वयाची वाटणी सांगणारा एक श्लोक टीकाकार नेहमी देतात. ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’ अशी त्याची सुरुवात. पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पुढे पंधरा-सोळापर्यंत कैशोर आणि मग यौवन. भागवताच्या दशम स्कंधात पंधराव्या अध्यायाच्या आरंभीच बलराम-कृष्ण पौगंड वयात आले आणि गाई राखण्याजोगे झाले असं येतं. तोवर त्यांच्याकडे फक्त वासरं होती. या हिशेबाने पौगंडावस्था म्हणजे पहिली ते चौथी! तुम्हाला हवं आहे ते वय ‘कैशोर’.

पोगंड, अपोगंड अशी दोन्ही रूपं कोशांत सापडतात. अर्थही दोन: ज्याची वाढ पुरी झालेली नाही असा, आणि ज्याच्या अवयवांत काही कमीजास्त आहे असा.

घाटमाथा

म्हणजे शे-दीडशे वर्षं आपण चुकीचा शब्द वापरतोय?

अक्कलखाते

चुकीचा म्हणायची घाई नको. धर्मशास्त्रात हिशेब वेगळा आहे. नारदस्मृतीत आठव्या वर्षापर्यंतच्या शिशूला गर्भातल्या जिवासारखा मानलाय, म्हणजे त्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही. त्यापुढे सोळापर्यंत तो ‘बाल’, आणि त्यालाच ‘पोगंड’ असंही म्हणतात. सोळानंतर तो व्यवहारज्ञ, आपले व्यवहार आपण करायला मोकळा. म्हणजे कृष्णाचा पौगंड दहाला संपतो आणि कर्ज-वारसा-साक्षीतला सोळाला. मराठीतला अर्थ या दुसऱ्याच्या जवळचा आहे.

कायद्याची मराठी या बाबतीत अजून त्याच वाटेने चालते. वयाला ती ज्ञानाच्या मापाने मोजते: अज्ञान आणि सज्ञान. सातबारावर बाप गेल्यावर वारस लागतात तेव्हा लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहून आईचं नाव घालतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाला १८ पुरी झाली की अर्ज देऊन तो शेरा कमी करून घ्यायचा असतो. कोण करतंय! जमीन विकायची किंवा कर्ज काढायची वेळ येईपर्यंत कुणाला आठवत नाही. स्वतःची पोरं कॉलेजात गेलेले बाप्ये कागदोपत्री अज्ञान असलेले मी कितीतरी पाहिलेत.

कुंभारमाशी

अक्कलखाते, तुमच्या अज्ञान-सज्ञानाला बायकांच्या बोलीत एक जुळा भाऊ आहे. आमच्याकडे पाळी सुरू झाली की मुलगी ‘शहाणी झाली’ म्हणायचे. कालपर्यंत परकर खोचून चिंचेवर चढणारी पोर एका सकाळीत शहाणी! मुलगा शहाणा झाला म्हणजे त्याला अक्कल आली. मुलगी शहाणी झाली म्हणजे तिचं लग्नाचं बघायला घ्या. शब्द तोच, पण एकाच्या डोक्याबद्दल आणि दुसरीच्या पोटाबद्दल.

बाकीचेही बघा. न्हाण आलं, पदर आला, मोठी झाली, लग्नाला आली, उपवर झाली. अंगाने जरा भरलेली असली की उफाड्याची, थोराड. एवढा मोठा साठा, पण त्यातला एकही शब्द त्या मुलीला काय वाटत असेल याचा नाही. सगळे बघणाऱ्याच्या बाजूचे.

रेघोटी, पुस्तिकेत कृपया ‘ऋतुप्राप्ती’ वगैरे नको. ‘पाळी सुरू होणं’ असं सरळ लिहा. मुलींना तो शब्द येतो, आणि मुलांनीही तो वाचला तर काही बिघडत नाही.

अक्कलखाते

कुंभारमाशी, तुम्ही म्हणता त्या फरकावरून आपल्याकडे रण माजलं होतं. १८९१ चं संमतिवयाचं बिल. तोवर दंडविधानात मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय, १० होतं, ते १२ करायचं होतं. बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने मेली, त्यानंतर मागणीने जोर धरला. वर्षं मोजायची की न्हाण मोजायचं, हा खरा वाद. पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान संस्कार, म्हणजे नवरा-बायकोच्या पहिल्या संगाचा विधी, ठरलेल्या मुदतीत झालाच पाहिजे, सरकारने त्यात हात घालू नये, ही विरोधकांची बाजू. टिळक सरकारी कायद्याच्या विरोधात, आगरकर बाजूने. ‘वयात येणं’ या साध्या वाक्प्रचारातलं ‘वय’ म्हणजे जन्मापासूनची वर्षं नव्हेत, हे त्या भांडणात लख्ख दिसतं. बारा पुरी झालेली मुलगी वयात आलेली नसू शकते आणि अकराची आलेली असू शकते.

मधली सुट्टी

शाळेत शिकवते, म्हणून माझे दोन पैसे.

डीएडला ‘वाढ आणि विकास यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास असायचा. वाढ म्हणजे उंची, वजन, जे फूटपट्टीने आणि काट्यावर मोजता येतं ते. ती एका वयाला थांबते. विकास म्हणजे समज, भावना, चारचौघांत वागणं, आणि तो जन्मभर चालतो. उत्तर पाठ असायचं. बोलताना मात्र मराठी माणूस मुलाचा ‘विकास झाला’ असं कधी म्हणत नाही. मुलगा वाढला, सुधारला, वळण लागलं, समज आली, जाणता झाला, असं म्हणतो. विकास हा शब्द आता रस्त्यांचा, प्लॉटांचा आणि उन्हाळ्यातल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचा झालाय. बिल्डरने स्वतःचं नाव ‘विकासक’ ठेवल्यापासून मी तर त्याची आशा सोडली. खरं तर विकसणं फुलांचं. कमळ विकसतं.

किशोर-कुमारचाही असाच गोंधळ आहे. खो-खोच्या स्पर्धांत किशोर गट १४ वर्षांखालचा आणि कुमार गट १८ खालचा. म्हणजे कुमार मोठा, किशोर धाकटा. वर बोरूबहाद्दरांच्या श्लोकात बरोबर उलटं आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, तेही वाचणारी पोरं साधारण आठ ते चौदाची. पण आरोग्य खात्याचा २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेच वय धरते. आमच्या खो-खोच्या सरांना एकोणीस वर्षांचा किशोर दाखवला तर ते त्याला मैदानाबाहेर काढतील.

बोरूबहाद्दर

त्यात भर घालतो. ‘किशोर’ मुळात घोड्याचं पिल्लू! अमरकोशात हा शब्द घोड्यांच्या यादीत आहे, माणसांच्या नाही. आपलं शिंगरू. तेव्हा ‘एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही’ ही घरोघरची ओवी शास्त्रशुद्ध आहे असं समजा.

घाटमाथा

मुलांसाठीच्या शब्दांबद्दल कोणीच बोललं नाही. मिसरूड फुटलं, कंठ फुटला, आवाज घोगरा झाला. पण आमच्या भागात यापेक्षा मोठा शब्द ‘हाताशी आला’. पोरगं हाताशी आलं म्हणजे दाढी-मिशांशी काही संबंध नाही. रात्रपाळीची लाईट असली की बापाला न उठवता एकट्याने मोटर चालू करून, पाटाची दारं मोडून रान भिजवून सकाळी घरी येतं ते पोरगं हाताशी आलेलं. कुणी तेराव्या वर्षी येतं, कुणी तिशीतही येत नाही. माणूस अकाली गेला तरी ‘हाताशी आलेला पोरगा गेला’ असंच म्हणतात, वय कुणी सांगत नाही.

मुलींना मात्र हा शब्द लावत नाहीत. त्या आठव्या वर्षीच हाताखाली आलेल्या असतात.

कुंभारमाशी

शेवटची ओळ लिहिलीत म्हणून तुम्हाला दंडवत.

काळं ढवळं

मुलांचा डॉक्टर आहे. शब्दांतलं फार कळत नाही, पण रेघोटींनी केलेला फरक अगदी बरोबर आहे, तो सोडू नका. शरीरातले बदल मुलींमध्ये साधारण ८ ते १३ या वयात केव्हाही सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४. उंचीची मोठी झेप मुलींची मुलांच्या दोनेक वर्षं आधी लागते. सहावी-सातवीच्या वर्गाचा फोटो काढून बघा, मागच्या रांगेत मुली उभ्या असतात. हे सगळं काही वर्षांत आटोपतं. निर्णय घेणं, थांबणं, परिणामांचा विचार करणं यांच्याशी संबंधित मेंदूचा पुढचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. एकाच शब्दात हे दोन्ही कोंबलं की आई-बाप म्हणतात, ‘एवढा बापाएवढा झाला, तरी असा कसा वागतो?’ तसाच वागणार. उंचीचं काम उरकलंय, डोक्याचं चालू आहे.

आणखी एक. वाढ सगळ्या अंगाला एकदम लागत नाही. आधी पावलं आणि हात, मग पाय लांबतात, धड शेवटी. म्हणून या वयात चपला पँटच्याही आधी आखूड पडतात, आणि पोरं दाराला, टेबलाला धडकत फिरतात. बोरूबहाद्दरांनी सांगितलेला ‘अवयवांत कमीजास्त’ हा अर्थ वाचून हसू आलं. शब्द कुठूनही आला असो, दवाखान्यात समोर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला फिट्ट बसतो.

मधली सुट्टी

डॉक्टर, पंचविशीचं वाचून ‘गद्धेपंचविशी’ आठवली. सोळा ते पंचवीस.

काळं ढवळं

जमलंय खरं. पण ‘आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं’ असा मेसेज कृपया कुणी पुढे ढकलू नका. त्यांच्या घरात विशीतली पोरं होती, एवढं पुरेसं होतं.

अक्कलखाते

कायद्यालाही हा गोंधळ सोसवत नाही बरं. मतदान १८, लग्नाला मुलगी १८ आणि मुलगा २१. गुन्हा केला तर १८ च्या आत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, आणि गुन्हा अतिशय गंभीर असेल तर १६ ते १८ मधल्यांचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा का ते बाल न्याय मंडळ तपासतं. हा २०१५ चा कायदा. तो ‘विधिसंघर्षग्रस्त’ शब्द ज्याने काढला त्याला एकदा भेटायचंय. बातमी वाचताना आधी तोच गुन्हा वाटतो.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. मला जे हवं होतं त्याहून बरंच हाती लागलं. आता असं ठरवतेय.

शरीराच्या बदलांच्या भागाला ‘वयात येणं’. सगळ्यांना कळतं, आणि मुलगा-मुलगी दोघांना लावता येतं. ‘वयात आलेला मुलगा’ कानाला जरा वेगळं लागेल, पण लागू दे, वापरून वापरून रुळेल. १० ते १९ या सबंध काळाला ‘किशोरवय’, कारण शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर मुलांनी तो पाहिलेला असतो. पौगंडावस्था एकदाच, कंसात, पाठ्यपुस्तकातल्या धड्याशी सांधा जुळावा म्हणून. आणि विकासाच्या जागी ‘जाणतेपण’ वापरून बघतेय. मैत्री, राग, नाही म्हणणं, स्वतःचे पैसे, मोबाईल हे सगळं त्या प्रकरणात. घाटमाथांचं ‘हाताशी येणं’ तिथेच घेणार आहे, मुलींसकट.

उरलं मुखपृष्ठावरचं नाव. ‘वाढतं वय’ कसं वाटतं?

घाटमाथा

‘वाढतं वय’ म्हटल्यावर मला गुडघेदुखीचं तेल आठवतं. ‘वाढीचं वय’ करा.

बोरूबहाद्दर

‘वाढीचं वय’ला माझंही मत. घरात चौथी पोळी मागितली की हेच उत्तर मिळायचं: घे, वाढीचं वय आहे.

कुंभारमाशी

तुम्हाला मिळायचं. आम्हाला ‘पुरे आता, सुटशील’ ऐकायला लागायचं. रेघोटी, आहाराचं पान लिहाल तेव्हा हे ध्यानात असू द्या.